वैशाखातील उष्णता आणि पडून राहिलेल्या बॅटऱ्या: मृगापूर्वी घ्यावयाची काळजी

कपाशीची शेवटची फवारणी आटोपली, की बॅटरीवरचा फवारणी पंप कोपऱ्यात ठेवला जातो आणि तो बहुधा पुढच्या खरिपातच बाहेर निघतो. वापर थांबला तरी बॅटरीच्या आतील रासायनिक क्रिया थांबत नाही, हे शेतकरी बांधवांनी ध्यानात घ्यावे. शिसे-आम्ल बॅटरी पडल्या पडल्या उतरत जाते आणि तापमान दर १० अंशांनी वाढले, की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४४ अंशांच्या पुढे जातो त्या दिवसांत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या बॅटरीचे किती नुकसान होत असेल, हे यावरून समजावे.

भरलेल्या बॅटरीत धन प्लेटवर लेड डायऑक्साइड आणि ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसे असते. बॅटरी उतरते तसतसे दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते. ताजे सल्फेट बारीक कणांचे असल्याने चार्जिंग करताच ते मूळ रूपात परतते, परंतु बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, तर त्याचे मोठे, टणक स्फटिक बनून प्लेटांची छिद्रे बुजतात. अशा बॅटरीचा चार्जर लवकरच हिरवा दिवा दाखवतो, आणि पंप मात्र दोन-चार टाक्यांतच दम सोडतो. सुरुवातीच्या अवस्थेत कमी प्रवाहाने सावकाश चार्जिंग केल्यास काही क्षमता परत मिळते. जुनाट थर सहसा निघत नाही.

म्हणून पंपाची बॅटरी आताच पूर्ण चार्ज करावी, पावसाळ्यापर्यंत महिन्यातून एकदा तेच पुन्हा करावे आणि ती धाब्याच्या घरातील आतल्या थंड खोलीत ठेवावी. चार्जिंगनंतर काही तास थांबून मल्टिमीटरने मोजल्यास १२ व्होल्टची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, पुढे १२.४ च्या खाली आकडा दिसला, तर चार्जिंगला विलंब करू नये. बॅटरीखाली लाकडी फळी ठेवल्याने ती उतरत नाही, हा समज आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना लागू नाही.

घरातील इन्व्हर्टरची बॅटरी सतत चार्जवर असते, तिचे दुखणे निराळे आहे. तिथे धन प्लेटची शिशाची जाळीच हळूहळू गंजते, फुगते आणि तडकते. त्यातच आम्ल तळाशी दाट व वर पातळ होऊन प्लेटांचा खालचा भाग सल्फेटने भरतो. बॅटरी पूर्ण भरल्यावरही इन्व्हर्टर तिला देत राहतो तो १३.५ ते १३.८ व्होल्ट हा दाब २५ अंशांसाठी योग्य असून ४० अंशांना तो सुमारे ०.३ व्होल्टने कमी हवा. उष्णतेनुसार दाब कमी करण्याची सोय ज्या इन्व्हर्टरमध्ये नसेल, त्याची बॅटरी गच्चीच्या जिन्याखालून हलवून सावलीच्या, हवेशीर जागी ठेवावी, कारण सरासरी तापमान १० अंशांनी वाढल्यास आयुष्य जवळपास निम्मे होते. भारनियमन नसले तरी महिन्यातून एकदा तासभर पंखे-दिवे तिच्यावर चालवून ती पुन्हा पूर्ण चार्ज होऊ द्यावी.

झाकणे असलेल्या बॅटरीत उन्हाळ्यात दर पंधरवड्यास पाण्याची पातळी पाहावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर आधी त्या बुडतील इतकेच पाणी घालावे आणि चार्जिंगनंतर खुणेपर्यंत भरावे. पाणी डिस्टिल्डच हवे; बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांना घातक ठरतात, आणि आम्ल तर स्वतःहून कधीही ओतू नये. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी पेटवू नये.

पेरणीनंतर ट्रॅक्टर उभा राहणार असेल, तर ऋण टर्मिनलची वायर सोडून ठेवावी. चार-पाच मिनिटे इंजिन चालवल्याने स्टार्टरने घेतलेला भारही पुरता भरून निघत नाही.

मृगाच्या तोंडावर नवीन बॅटरी घेणाऱ्यांनी तिच्यावरील निर्मितीचा महिना आवर्जून पाहावा आणि दुकानातच व्होल्टेज मोजून घ्यावे, कारण दुकानाच्या फळीवर उन्हाळा काढलेल्या बॅटरीच्या प्लेटांवरही हेच सल्फेट जमलेले असते.