डेक टाकायच्या आधी: धुळ्याच्या गच्चीची आणि नागावच्या पडवीची यादी

धुळ्याला देवपुरात माझ्या धाकट्या भावाच्या घराचं काम गच्चीपर्यंत आलंय, आणि तिकडे अलिबागजवळ नागावला नणंदबाई समुद्राकडच्या पडवीला नव्याने फळ्या घालणार आहेत. दोघांनाही डेक करायचाय, म्हणजे खाली चौकट ठेवून वर फळ्यांची जमीन. दोघांचे फोन एकाच आठवड्यात आले. तू केलं होतंस ना, काय काय लागतं ते लिहून दे. केलं होतं, आणि एकाच चुकीने सगळं उखडावंही लागलं होतं. म्हणून सविस्तर लिहिते. दोघांसाठी लिहितेय, पण ज्याला हे काम करायचंय त्या प्रत्येकाने वाचावं.

आमचं काय चुकलं ते आधी. नणंदबाईंचा नागावचा आधीचा डेक बघून मी भारावले होते. तिथली सगळी यादी उतरवून घेतली आणि जशीच्या तशी आमच्या जळगावच्या घरी आणली. फळ्या त्याच, त्या चौकटीला धरून ठेवणाऱ्या क्लिपा त्याच, स्क्रूसुद्धा खाऱ्या हवेसाठीचे महागडे. डिसेंबरच्या शेवटी, सकाळी आठच्या थंडीत काम सुरू झालं. आमची गच्ची लांबीला साडेअठ्ठावीस फूट, म्हणजे 2.9 मीटरच्या तीन फळ्या टोकाला टोक लावून कठड्यापासून कठड्यापर्यंत बरोबर बसत होत्या. मिस्त्रींनी त्या एकमेकींना घट्ट भिडवल्या. मध्ये जागा सोडायला नको का, असं मी एकदा विचारलंही. "काही व्हत नही, ताई, घट्ट चांगली दिसस," ते म्हणाले. मलाही वाटलं, बरंच आहे, फटीत धूळ अडकणार नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी, भर दुपारी, वर मोठा आवाज झाला. जाऊन बघते तर मधल्या दोन ओळी चार बोटं वर उचलल्या होत्या, क्लिपा तुटून बाजूला पडल्या होत्या. माहेरवाशिणी यायच्या होत्या, पोरं गच्चीवर झोपणार होती. त्या आठवड्यात कोणालाही वर पाठवता आलं नाही.

तर यादीतली पहिली गोष्ट फट, म्हणजे फळीच्या टोकाशी सोडायची मोकळी जागा. दुसरी आणि तिसरीही तीच आहे, पण मधल्या गोष्टी सांगितल्याशिवाय काम पुढे जात नाही.

फळी निवडताना. ही फळी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून काढलेली पट्टी. दुकानात डब्ल्यूपीसी म्हणून मागा. दोन प्रकार मिळतात, साधी आणि वरून प्लास्टिकचं कवच चढवलेली. कवचवाली घ्या. साधी फळी पहिल्या काही महिन्यांतच रंग उतरवते, आणि तेल-तिखटाचा डाग पिते. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, कुरडया, मिरच्या वाळत असतात, डाग पडणारच. भरीव आणि पोकळ असाही फरक असतो. पोकळ हलकी आणि स्वस्त, पण जड कुंडी ठेवायची असेल तर भरीव. रंग फिकाच घ्या. आम्ही गडद कॉफी घेतला होता, मेमध्ये दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवत नव्हता. दुकानातल्या एसीत उभं राहून रंग ठरवू नका. चार नमुन्याचे तुकडे मागून घ्या, गच्चीवर आठ दिवस उन्हात टाका, दुपारी दोन वाजता हात लावून बघा. त्यातलाच एक तुकडा दिवसभर बादलीत बुडवून ठेवा आणि कापलेलं टोक फुगतंय का पाहा.

आता फटीचं गणित, कारण ते नीट समजलं नाही तर मिस्त्रींपुढे तुमचा आवाज निघणार नाही, जसा माझा निघाला नाही. अशी फळी एका मीटरला दर अंशामागे साधारण 0.04 मिलिमीटर वाढते. ऐकायला काहीच वाटत नाही. पण जळगाव-भुसावळला हिवाळ्यातल्या पहाटे पारा 10 च्या खाली येतो आणि मेमध्ये 45 च्या वर जातो. हे हवेचं तापमान झालं. उन्हात पडलेली फळी 65 अंशांपर्यंत सहज तापते. म्हणजे थंडीत 12 अंशांवर बसवलेल्या फळीला पुढे 53 अंश चढायचे असतात. 2.9 मीटरची एक फळी 6 मिलिमीटर वाढते. तीन फळ्यांची ओळ 18 मिलिमीटर. दोन्हीकडे कठडा असेल तर हे 18 मिलिमीटर जाणार कुठे? वर. आणि वाढ बोटभर असली तरी उचल चार बोटं होते, कारण कमान व्हायला फार लांबी लागत नाही.

नागावला हे का घडलं नाही, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. समुद्राकाठी हिवाळा आणि उन्हाळा यांत इतकं अंतरच नसतं. तिथली पहाट फार थंड होत नाही आणि दुपार आपल्यासारखी पेटत नाही. त्यांच्या मिस्त्रींनी सांध्यात एक सूत, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, जागा सोडली होती, ती त्यांना पुरली. समुद्राच्या घराला सांभाळायचं असतं मिठापासून, आपल्या घराला उन्हापासून.

म्हणून मिस्त्रींशी सुतात बोला. मिलिमीटर सांगितले की ते मान डोलावतात आणि स्वतःच्या अंदाजाने करतात. थंडीत, फळी हाताला गार लागत असताना काम करत असाल तर टोकाला टोक जिथे येतं तिथे दोन सूत फट. फळी 40 अंशांना तापलेली असताना बसवत असाल तर एक सूत पुरते, कारण तिची अर्धी वाढ आधीच झालेली असते. कठड्याशी आणि भिंतीशी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, चारही बाजूंनी. कंपनीच्या माहितीपत्रकात तापमानाप्रमाणे फटीचा तक्ता असेल तर तोच धरा. आमच्याही पत्रकात तो होता, तिसऱ्या पानावर. मी तो वाचला नव्हता. तक्रार घेऊन गेले तेव्हा दुकानदाराने तेच पान काढून समोर ठेवलं, आणि वॉरंटी तिथेच संपली.

फळीचं तापमान मोजायला फॅब्रिकेटरकडे असतो तसला लेझरचा थर्मामीटर घ्या. कपाळावर धरायचा तो चालणार नाही.

खालची चौकट. इथे बोलण्यासारखं बरंच आहे, पण मुख्य तेवढं सांगते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, पाणी साठवून दोन दिवस बघा, मगच पुढे. चौकटीचे पाइप स्लॅबला भोक पाडून ठोकू देऊ नका. खाली रबरी पॅड किंवा उंची कमी-जास्त करता येणारे पाय ठेवायचे. पाइप गच्चीच्या ढाळाच्या दिशेने ठेवा, आडवे टाकले की प्रत्येक पाइपामागे पाणी तुंबतं. दोन पाइपांत एक फूट अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. सव्वा फुटावर गेलं की पोकळ फळी उन्हाळ्यात मऊ पडून मध्ये झोळ धरते. जिथे दोन फळ्यांची टोकं येतात तिथे एका पाइपावर दोघींना बसवू नका, जोडीने दोन पाइप टाका, प्रत्येक टोकाला आपला आधार. मग फट सोडायला जागाही मिळते. पाइप अॅल्युमिनियमचे असतील तर तेही उन्हात वाढतात, त्यांच्या टोकालाही फट. फट इथेही.

आणखी एक, जे मला दुसऱ्यांदा करताना कळलं. फळी क्लिपांमध्ये नुसती धरलेली असते, तिला सरकायची मोकळीक असते. ती कायम एकाच बाजूला सरकत राहू नये म्हणून प्रत्येक फळीला बरोबर मधल्या पाइपावर एकच स्क्रू मारून अडकवायचं, म्हणजे ती मध्यापासून दोन्हीकडे सारखी वाढते. दोन्ही टोकांना स्क्रू मारलेत तर फट सोडूनही फायदा नाही, फळी आतल्या आत अडकेल. मिस्त्री टोकं हलतात म्हणून हमखास तिथे स्क्रू मारतात. तिथे उभं राहा. चहा आणायला खाली जाऊ नका.

भाऊसाठी वेगळं: त्याला मागच्या अंगणातही जमिनीवर डेक हवाय. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर थेट पाय टेकवले तर दरवर्षी डेकची पातळी बदलेल. वरची काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमस करा, वर काँक्रीटचे ठोकळे, मग पाय. आणि भरिताची वांगी काड्यांवर भाजायची असतील तर डेकवर नाही. यातलं प्लास्टिक 130 अंशांच्या आसपास वितळतं, शेगडीखाली पत्रा टाकला तरी फळी वितळते. कोपऱ्यात शहाबादी फरशीची जागा आधीच सोडून ठेवा, भरीत पार्टी तिथे.

नणंदबाईंसाठी वेगळं: तुमच्याकडे फटीपेक्षा स्क्रू महत्त्वाचे. स्टेनलेस स्टील 316 दर्जाचंच मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. 304 चं म्हणजे आमच्या जळगावला पुरेसं, पण समुद्राजवळ त्यावर तपकिरी ठिपके उठतात आणि फळीवर ओघळ येतात. मागच्या वेळी पायरीच्या कडेला ते दिसत होते. क्लिपासुद्धा त्याच दर्जाच्या घ्या, नुसते स्क्रू चांगले आणून उपयोग नाही. लोखंडी पाइपाचं वेल्डिंग मिठाने सगळ्यात आधी खाल्लं जातं, म्हणून तुमच्याकडे लोखंड नकोच. अॅल्युमिनियम घेतलंत तर स्टीलचा स्क्रू जिथे लागतो तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात. अलिबागला पाऊस 2000 मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्या जळगावच्या जवळजवळ तिप्पट. फळ्यांखालून वारा खेळायला किमान दोन इंच जागा हवी, नाहीतर खाली ओल धरून शेवाळ वर येतं. कोरलेल्या रेषांची बाजू वर ठेवा, गुळगुळीत नको, पावसात घसरते. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवायचं. आणि फट तुम्हालाही सोडायचीच आहे, एक सूत का होईना.

माल आला की. फळ्या सावलीत, सपाट, एकावर एक. भिंतीला उभ्या टेकवू नका, दोन दिवसांच्या उन्हात धनुष्यासारख्या वाकतात. बसवण्याआधी दोन दिवस कामाच्या जागीच राहू द्या. सगळ्या एकाच बॅचच्या आहेत का बघा, नाहीतर रंगात फरक. दहा टक्के जास्त घ्या.

दाराचा उंबरा डेकपेक्षा वर राहतोय ना ते मोजा. कठड्याची उंची तीन इंचांनी कमी होणार, लहान मुलं असतील तर रेलिंग वाढवा. पाइप, वायरी खाली जात असतील तर झाकायच्या आधी फोटो काढा.

बसवण्याचा दिवस. प्लायवूडच्या पाचरी आधीच कापून ठेवा, दोन सुताच्या वीस आणि अर्ध्या इंचाच्या वीस. तोंडी सांगितलेली फट राहत नाही, पाचर घातलेली राहते. पहिली ओळ लागली की काम थांबवा, प्रत्येक सांध्यात स्वतः पाचर घालून बघा. ती जात नसेल तर ओळ काढायला लावा. मिस्त्री नाराज होतील, होऊ द्या. दुपारी ऊन चढल्यावर फट आपोआप कमी दिसेल, तेव्हा घाबरू नका, फळी तापली म्हणून ती मिटतेय, म्हणजे बरोबर चाललंय. पण सकाळी काढलेलं माप दुपारच्या फळीला लावू नका, उलटही नाही. आणि फट सिलिकॉनने किंवा पुट्टीने भरून देतो असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या. ती मोकळीच राहायला हवी. भिंतीकडची फट उघडी दिसते म्हणून वर पट्टी लावायची असेल तर पट्टी भिंतीला ठोका, फळीला नाही.

बाकी थोडकं. पाणी जायच्या तोंडावरची फळी स्क्रूशिवाय ठेवा, कडुलिंबाचा पाला काढायला उचलता यायला हवी. रबरी तळाची पायपुसणी नकोत, डाग कायमचा. समोर आरशासारख्या काचेची खिडकी असेल तर तिचा परावर्तित झोत कुठे पडतो बघा, तिथली फळी वाकते. उरलेल्या फळ्या टाकू नका. बिल आणि खोक्यावरचं लेबल एका पिशवीत.

भाऊ, तू काम 15 जानेवारीनंतर सुरू करतोयस, म्हणजे थंडी असेल. दोन सूत. मी रविवारी सकाळी सातच्या आत देवपुरात पोचते, मी येईपर्यंत पहिला स्क्रू मारू देऊ नकोस.