मोडीत घालण्याआधी: जुन्या चांदीच्या चमच्यांवरचे शिक्के वाचायची तयारी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या डब्यातून काळवंडलेले काटे-चमचे निघाले की पहिला सल्ला मिळतो तो मोडीत घालायचा. सातारकरांनी तो जरा लांबणीवर टाकावा. वर महाबळेश्वर १८२०च्या दशकाच्या अखेरीस साहेबांनी वसवलं, पुढे पाचगणी. बंगल्यांतलं सामान खाली उतरत राहिलं आणि त्यात विलायती चांदीही असू शकते. मोडीला दिलेला चमचा परत दिसत नाही. खानापूर-आटपाडीकडच्या एखाद्या गलाईवाल्याच्या मुशीत तो गेला की दीडशे वर्षं टिकलेला शिक्का क्षणात वितळतो. गलाईवाल्यांचा तो धंदाच आहे. शिक्का आधी वाचून ठेवायचं काम मात्र आपलं.

वाचायला बसण्याआधी चमचा घासू नका. राख, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही नको. शिक्क्याच्या खाचेत बसलेला काळेपणाच अक्षर उठून दाखवतो, आणि एकदा झिजलेली कड परत येत नाही. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडकं, लगेच टिपून कोरडं, एवढं पुष्कळ झालं. जवळ सराफ वापरतात तसं दहापट भिंग, मोबाइलचा टॉर्च, पातळ कागद, मऊ पेन्सिल, ग्रॅमचा काटा आणि लोहचुंबक ठेवा. टॉर्च वरून मारला तर सगळं पांढरंफटक दिसतं; तो आडवा धरा, म्हणजे कडांची सावली पडते. कागद शिक्क्यावर ठेवून पेन्सिल हलकेच फिरवली की ठसा कागदावर उतरतो.

आता शिक्का कुठला आणि मोनोग्राम कुठला, हे आधी वेगळं करा, कारण गल्लत इथेच होते. कारागिराचा शिक्का ठोकलेला असतो: छोटा चौकोन किंवा ढालीचा आकार आत दबलेला आणि त्यात अक्षरं वर आलेली. मोनोग्राम कोरलेला असतो: तिथे अक्षरच आत गेलेलं, रेघ कुठे जाड कुठे बारीक. तांब्या-पितळेच्या भांड्यावर आपल्याकडे नाव घालतात, तसाच तो मालकाचा. बनवणाऱ्याचं नाव त्यात शोधू नका.

इंग्लंडच्या चांदीवर सहसा चार-पाच शिक्के असतात. जुन्या चमच्यांत ते दांड्याच्या तळाशी, वाटीजवळ. साधारण १७८०च्या दशकापासून वर, टोकाकडे. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट शेफील्डचा. नांगर आणि मुकुट दोन्ही १७७३ पासूनचे. बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असेल तर चमचा बहुधा १८२१च्या आधीचा, कारण त्या वर्षी तो काढला. राजा-राणीचं डोकं हा कर भरल्याचा शिक्का, १७८४ ते १८९० पर्यंतचा. राहिलं वर्षाचं अक्षर. लंडनमध्ये वीस अक्षरांचं चक्र चाले आणि दर चक्राला अक्षराचं वळण बदले, म्हणून नुसतं अक्षर नाही, त्याचं वळण आणि भोवतीची चौकटही उतरवून घ्या.

समजा मुकुट नसलेला बिबट्या, सिंह, डावीकडे पाहणारं व्हिक्टोरियाचं डोकं आणि जुन्या जाड गॉथिक वळणाचा लहान सी दिसला. ते चक्र १८५६ला ए पासून सुरू झालं, म्हणजे सी १८५८चा. वर्ष मेअखेरीस बदलत असल्यामुळे १८५८-५९ लिहा. सोबत जी. ए. असेल तर जॉर्ज अ‍ॅडम्स, त्या काळचा लंडनचा मोठा चमचेवाला. त्याच्या कितीतरी आधी, १७६१ साली, नवऱ्यामागे कारखाना चालवणाऱ्या हेस्टर बेटमनने आपला एच. बी. शिक्का नोंदवला होता, लपेटीदार वळणाचा. तो दिसला तर माझ्या मते मोडीचा विषयच संपला.

ई. पी. एन. एस., म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर, दिसलं की तो मुलामा. एल्किंग्टन यांनी बर्मिंगहॅमला १८४०मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं, त्यानंतरचा हा माल. ही अक्षरं कधी मुद्दाम ढालींत मारलेली असतात, फसू नका. वाटीचं टोक आणि टेकणारी पाठ बघा, तिथे पिवळट धातू उघडा पडतो. चुंबकाला चमचा चिकटला तर चांदी नाही हे नक्की; न चिकटला म्हणून चांदी ठरत नाही. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी नावालाही नसते. आठशेचा आकडा, चंद्रकोर आणि मुकुट हे १८८८ नंतरच्या जर्मन चांदीचे.

देशी मालही निघतो. कलकत्त्याची हॅमिल्टन कंपनी, मद्रासचे पी. ऑर, भुजचे उमरसी मावजी यांचा ओ. एम. इथे इंग्लंडसारखी तपासणी नव्हती, शिक्का म्हणजे दुकानाचा शब्द. त्यामुळे कस लावावाच लागेल, पण शिक्क्याजवळ घासू देऊ नका, सराफाला आधीच सांगा.

मोनोग्राम शेवटी, निवांत बघा. त्रिकोणात तीन अक्षरं असतील तर वरचं सहसा आडनावाचं, खालची नवरा-बायकोची. तो दांड्याच्या पाठीला असेल तर दचकू नका. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चमचे पालथे मांडत. अक्षराच्या जागी अंगठ्याला खोलगट लागलं तर कुणीतरी जुनं नाव खरवडलंय. तोंडाची वाफ सोडा, कधी अंधूक रेघा दिसतात. वजन, लांबी, ठसा आणि चमचा कुणाकडून आला हे एका कागदावर लिहून त्याच चमच्यासोबत सुती कापडात गुंडाळा. रबरबँड मात्र नको, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उठतो.