पॅरा गवत: पाऊस सुरू होण्याआधी चर आणि ओढ्याचे काठ तपासा

चिबड जमिनीत दुसरी वैरण पिवळी पडते, तिथे पॅरा गवत जोमाने वाढते. साचलेल्या पाण्यातही ते हिरवेगार राहते, जनावरे आवडीने खातात आणि एकदा जम बसला की साधारण 30 ते 40 दिवसांनी पुन्हा कापणीला येते. त्यामुळे वैरणीसाठी ते लावणाऱ्यांना दोष देता येत नाही. अडचण होते ती गवत वैरणीच्या तुकड्यातून चरात, चरातून ओढ्यात आणि ओढ्यातून खालच्या शेतात उतरते तेव्हा. ते रोखायचे असेल तर पावसाआधीचे कोरडे दिवस वाया घालवू नका. पाणी वाहू लागल्यावर तुटलेली कांडी कुठे जाऊन रुजेल, हे कोणाच्याच हातात राहत नाही.

हे गवत मूळचे उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेचे. वैरणीसाठी ते अमेरिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात नेले गेले. ऑस्ट्रेलियात 1880च्या दशकात नदीकाठची धूप थांबवायला ते लावले आणि पुढे दलदलीच्या कुरणांसाठीही पसरवले. आज तिथल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या पूरमैदानांत त्याने रानभाताची जागा बळकावली आहे. त्या भातावर पोसणाऱ्या पाणपक्ष्यांचा चारा त्यामुळे कमी होतो. शिवाय वाळलेल्या पॅराचा ढीग रानभातापेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून वणवाही जास्त भडकतो. क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात त्याने ओढे आणि चर भरून टाकले. दाट खोडांत गाळ अडतो, पात्र अरुंद होते आणि पुराचे पाणी शेतात शिरते. धूप थांबवायला आणलेल्या गवताचा हा परिणाम आहे, हे लक्षात ठेवा.

ओळखायला सोपे आहे. एक दांडा हातात घेऊन पेरावर बोट फिरवा. पेरावर पांढरट, दाट लव लागेल. दांडा आतून पोकळ असतो, त्यामुळे पाण्यावर तरंगतो. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून पांढरी मुळे सुटलेली दिसतील. हे गवत पसरते ते मुख्यतः याच पेरांतून. तुरे भरपूर येतात, पण दाणा कमी भरतो. म्हणून बियांपेक्षा कांड्यांची धास्ती जास्त धरावी.

त्यामुळेच ओल्या चरात रोटाव्हेटर अजिबात घालू नका. एका वेलाचे पन्नास तुकडे झाले, तर ती पन्नास बेणी झाली. चर कोरडा असताना गवत जमिनीलगत कापा, वेल ओढून गोळा करा आणि मुळांचे ठोंब कुदळीने खणून काढा. काढलेला माल बांधावर किंवा ओढ्याच्या काठाला टाकू नका. कडक उन्हात, टणक जागी पातळ पसरा. दांडा वाकवल्यावर कट्कन मोडेपर्यंत त्यावर भरवसा ठेवू नका, कारण जाड दांडे वरून वाळले तरी पेरात ओल धरून ठेवतात. कोयते, कापणी यंत्र, ट्रॉली यांत अडकलेल्या कांड्याही त्याच जागी झाडून काढा. नव्या ठिकाणी लागण होते ती बरेचदा अशी.

जिथे पाणी हमखास साचते, तिथे पाणी चढण्याच्या थोडे आधी खोलवर कापणी करावी. बुडखे पूर्ण पाण्याखाली राहिले तर फुटवा कमकुवत होतो. शेंडे पाण्याबाहेर राहिले तर मात्र उपयोग नाही. जनावरे सोडून गवत दाबात ठेवता येते, पण ओले काठ खुरांनी ढासळतात. चराई कोरड्या दिवसांतच करा.

तणनाशकाचा विचार शेवटी करावा, असे माझे मत आहे. पाण्याजवळ वापरायला लेबलवर स्पष्ट परवानगी असेल तेच औषध घ्या. काही तणनाशकांतले चिकटद्रव्य मासे आणि बेडकांच्या पिल्लांना घातक असते. सगळा पट्टा एकदम मारला तर कुजणारे गवत पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, म्हणून टप्प्याटप्प्याने काम करा.

वैरणीसाठी नवी लागवड करणार असाल तर वाहत्या पाण्यापासून दूर, बांध घातलेल्या तुकड्यात करा. तुकड्याचे पाणी जिथून बाहेर पडते तिथे जाळी लावा आणि प्रत्येक जोरदार पावसानंतर अडकलेल्या कांड्या काढा. तुरे बाहेर पडण्याआधी कापणी केली तर चाराही कोवळा मिळतो.

ओढ्याच्या काठासाठी कायमचा उपाय सावली हाच आहे. पॅराला भरपूर ऊन लागते, दाट छायेत ते विरळ होत जाते. म्हणून गवत काढलेल्या काठावर पाण्यात टिकणारी, त्याच भागातली झाडे पावसाच्या सुरुवातीलाच लावा. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडेपर्यंत त्यांच्या बुडाशी येणारे गवत वर्षातून अनेकदा कापावे लागेल, नाहीतर रोपे त्याखाली दबून मरतात.