मतदान केंद्रावर दमदाटी झाली तर काय करावे, काय लिहावे

निवडणुकीच्या कामावर असलेल्या कर्मचाऱ्याच्या अंगावर केंद्रावर कोणी धावून आले, तर पुढे पोलीस ठाण्यात गाडी अडते ती बहुतेक मोघम तक्रारीपाशी. ‘एका कार्यकर्त्याने दमदाटी करून सरकारी कामात अडथळा आणला’ एवढ्या वाक्यावर गुन्हा उभा राहत नाही. कोण, किती वाजता, काय बोलला, हात कुठे लावला, कोणते काम थांबले, हे त्याच दिवशी कागदावर यायला हवे.

आधी तुमचा दर्जा समजून घ्या. भारतीय न्याय संहितेतील लोकसेवकाच्या व्याख्येत मतदार यादी तयार करणारी आणि निवडणूक घेणारी माणसे येतात. म्हणजे बीएलओचे (मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला ‘तू कुठली सरकारी?’ असे कोणी विचारले, तर उत्तर कायद्यातच आहे. नियुक्तीचा आदेश आणि ओळखपत्र मात्र अंगावर हवे. ‘कोर्टात खेचतो, भरपाई वसूल करतो’ या धमकीलाही घाबरू नका. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३४ नुसार कर्तव्यातील कृती किंवा चुकीबद्दल तुमच्यावर भरपाईचा दावा चालत नाही.

प्रसंग घडताना पहिला हुकूम केंद्राध्यक्षाचा. आत कोण येऊ शकतो याची यादी नियमांत ठरलेली आहे. कार्यकर्ते आणि नेत्यांचे अंगरक्षक तिच्यात नाहीत. गोंधळ घालणाऱ्याला बाहेर जायला सांगा. नाही ऐकले तर १९५१ च्या अधिनियमातील कलम १३२ खाली पोलिसाकरवी बाहेर काढता येते, आणि परवानगीशिवाय परत घुसला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एक अट आहे: तो त्याच केंद्राचा मतदार असेल तर त्याला मतदान करू द्यावे लागते. पिऊन आला असला तरी. बाहेर दारापाशी आरडाओरडा किंवा भोंगा असेल तर कलम १३१.

मतदान यंत्राच्या बाबतीत घाई नको. साध्या बाचाबाचीत कंट्रोल युनिटवरचे (यंत्राच्या अधिकाऱ्यांकडील भागावरचे) बॅलट बटण दाबायचे थांबवले की पुरे. ते दाबल्याशिवाय मत पडत नाही. मतदान सुरू असताना ‘क्लोज’ बटण मात्र केंद्र बळकावले जात असेल तरच दाबायचे आणि बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो तो भाग) सोडवून ठेवायचे, कारण क्लोजनंतर त्या यंत्रावर पुढचे मतदान होत नाही. दंगल किंवा उघड हिंसाचार झाला तर कलम ५७ खाली केंद्राध्यक्ष मतदान तहकूब करू शकतो. लगेच क्षेत्रीय अधिकारी आणि आरओंना (निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना) कळवा.

आता लेखी काम. केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत नोंद तेव्हाच करा. संध्याकाळी सीलबंदीच्या धांदलीत लिहिलेल्या नोंदीत वेळा हमखास चुकतात. शिवी असेल तर शब्दशः लिहा, ‘अपशब्द वापरले’ नको. हजर मतदान अधिकारी आणि पोलिंग एजंट (उमेदवारांचे प्रतिनिधी) यांची नावे टिपा.

तक्रारीत सगळ्यात जास्त घोळ कलमांचा होतो. जुन्या भारतीय दंड संहितेचे ३५३ आता न्याय संहितेचे १३२ झाले आहे, आणि वर सांगितलेल्या अधिनियमाचेही १३२ आहे. म्हणून कायद्याचे नाव लिहिल्याशिवाय नुसता आकडा लिहू नका. संहितेच्या १३२ ला हल्ला किंवा बलप्रयोग लागतो: कॉलर धरणे, ढकलणे, मारायला हात उगारणे. नुसते शब्द हा हल्ला नव्हे. इजेची धमकी देऊन काम करून घ्यायचा किंवा थांबवायचा प्रयत्न असेल तर २२४, दुखापत झाली तर १२१. दुखापत असेल तर सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी तपासून घ्या. केवळ अडथळ्याचे कलम २२१ लागत असेल तर फक्त एफआयआरवर न्यायालय दखल घेत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम २१५ प्रमाणे संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची न्यायालयाला लेखी तक्रार लागते. हे राहून गेले की प्रकरण तांत्रिक मुद्द्यावर पडते.

निवडणूक परगावी असली तरी एफआयआर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येतो. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाणेदाराने नोंदवून घेतला नाही, तर लेखी मजकूर पोलीस अधीक्षकांना पाठवा.

महिला कर्मचाऱ्याशी अश्लील बोलणे किंवा हावभाव याला न्याय संहितेचे कलम ७९ आहे. त्रास देणारा पथकातलाच असेल, तर कार्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांत अर्ज करता येतो. निवडणुकीचे ठिकाणही कामाचेच ठिकाण आहे.

नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे १९५१ चा अधिनियम लागू नाही, त्यामुळे त्याची कलमे घालू नका. न्याय संहिता मात्र तिथेही लागू आहे.

लोकसभा-विधानसभेच्या कामावर मृत्यू आल्यास भारत निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे वारसांना किमान १५ लाख रुपये मिळतात. अतिरेकी किंवा समाजकंटकांच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर ३० लाख. घरातून निघाल्यापासून परत घरी पोहोचेपर्यंतचा काळ कामाचा धरतात. म्हणून नियुक्तीच्या आदेशाची एक प्रत घरी ठेवूनच निघा.