अ‍ॅमस्टरडॅमला सायकल घेताय? आधी हे बघा

अ‍ॅमस्टरडॅमला गेल्यावर सायकल भाड्याने घ्याच, पण पहिल्याच दिवशी सेंट्रल स्टेशनसमोरच्या गर्दीत घुसू नका, आधी फोंडलपार्कमधे दोनचार चकरा मारा कारण बऱ्याच भाड्याच्या सायकलींना हँडलला ब्रेकच नसतो, पेडल उलटं दाबलं की थांबते, आणि आपल्याला रिकामं पेडल उलटं फिरवायची सवय! ट्राफिक उजवीकडून हे तर माहीतच असेल.

सगळ्यात डेंजर म्हणजे ट्रामचे रूळ. चाक त्या खाचेत बरोब्बर अडकतं, म्हणून रूळ नेहमी आडवे, जमेल तितक्या काटकोनात ओलांडायचे, पाऊस असेल तर सरळ उतरून हातात धरून न्या, कोणी हसत नाही. रस्त्यावर पांढरे त्रिकोण दिसले आणि टोकं तुमच्याकडे असली तर थांबायचं तुम्ही. मोबाईल हातात धरून सायकल चालवली तर दंड आहे (२०१९ पासून), मॅप बघायचा तर बाजूला थांबून बघा. लाल रंगाचा पट्टा सायकलींचा, तिथं उभं राहून सेल्फी काढाल तर घंटी आणि डच शिव्या दोन्ही फ्री.

ट्राममधे सहसा सायकल नेता येत नाही. मेट्रोत चालते, पण गर्दीच्या वेळी नाही. सेंट्रल स्टेशनमागून नोर्डला (शहराच्या उत्तर भागात) जाणारी फेरीबोट मात्र फुकट, सायकलसकट. ट्राम-मेट्रोला आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, फक्त चढताना आणि उतरताना तेच कार्ड टॅप करा आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकावर दोघं चालत नाही.