संगणकाची निगा राखणारी साधने कशी निवडावीत

संगणक मंदावला की बहुतेक जण लगेच वेग वाढवण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर शोधू लागतात, पण मंदावण्याचे कारण कळल्याशिवाय केलेली निवड सहसा वाया जाते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक अडखळत असतानाच तो उघडून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे पाहावेत. प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही डिस्क सतत 100 टक्क्यांवर असेल, तर अडचण डिस्कच्या बाजूला आहे. मेमरी काठोकाठ भरलेली असेल, तर एकाच वेळी उघडलेले प्रोग्राम संगणकाच्या रॅमला, म्हणजे याच मेमरीला, झेपत नाहीत, असे समजावे.

संगणक सुरू व्हायलाच वेळ लागत असेल, तर टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप विभाग बहुधा पुरेसा ठरतो. तिथे उत्तर सापडले नाही, तर ऑटोरन्स हे मोफत साधन घ्यावे. ते 1996 साली सुरू झालेल्या आणि 2006 साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या सिसइंटर्नल्स या संचातले आहे. आपोआप सुरू होणाऱ्या सेवा, नियोजित कामे आणि ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्राम) हे सारे त्यात एकत्र दिसते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याची सोय त्यात आहे, ती आधी वापरावी. नंतर नको असलेली नोंद पुसून न टाकता तिच्यापुढची खूण तेवढी काढावी, म्हणजे काही बिघडल्यास ती पुन्हा लावता येते.

डिस्कवर संशय असेल, तर सफाईच्या साधनांकडे वळण्याआधी तिची प्रकृती तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवते. हार्ड डिस्कच्या बाबतीत, खराब झाल्यामुळे बदलावे लागलेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे भाग) आणि बदलण्याची वाट पाहणारे सेक्टर, या दोन नोंदींकडे विशेष लक्ष द्यावे. (मूळ आकडे सुरुवातीला षोडशमान पद्धतीत दिसतात, ते दशमानात बदलून घेतले की वाचणे सोपे जाते.) हे आकडे आठवड्यागणिक वाढत असतील, तर बाकी सारे बाजूला ठेवून प्रथम बॅकअप घ्यावा आणि डिस्क बदलावी, कारण कोणतेही सॉफ्टवेअर झिजलेली डिस्क दुरुस्त करू शकत नाही.

डिस्क निरोगी असून फक्त भरलेली असेल, तर विनडरस्टॅट कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे, ते रंगीत चौकोनांच्या रूपात दाखवते. तात्पुरत्या फाइली काढण्यासाठी विंडोजच्या स्टोरेज सेटिंग्ज पुरतात; मात्र तिथल्या यादीत डाउनलोड्स हे फोल्डरही असते, त्यामुळे त्यावर खूण आहे का, हे पुसण्याआधी पाहून घ्यावे. डीफ्रॅगसाठी वेगळे साधन लागत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर विखुरलेले तुकडे एकत्र केल्याने वाचनाचा वेळ वाचतो, पण एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कवर) तसा फायदा होत नाही, उलट लेखन वाढते. विंडोजचे अंगभूत साधन हा फरक ओळखून एसएसडीला ट्रिमची, म्हणजे कोणती जागा आता वापरात नाही हे कळवणारी, आज्ञा देते.

रॅम मोकळी करणारी साधने टाळावीत, असे माझे ठाम मत आहे. ती मेमरीतला मजकूर डिस्ककडे ढकलतात, आकडा क्षणभर सुधारलेला दिसतो, आणि तोच मजकूर पुन्हा लागला की संगणकाला तो डिस्कवरून परत आणावा लागतो. रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्राम यांच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या साधनांनी वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, नोंद चुकीची पुसली गेली तर मात्र प्रोग्राम बंद पडू शकतो. अशा साधनांच्या वापराला मायक्रोसॉफ्टही पाठिंबा देत नाही. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नयेत.

साधन निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे आणि बसवताना सोबत येणाऱ्या जादा प्रोग्रामवरील खुणा काढाव्यात. एवढी काळजी घेऊनही धोका पूर्ण टळत नाही. 2017 साली सीक्लीनर या सफाईच्या साधनाच्या 5.33 या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड मिसळला होता, आणि ती वैध डिजिटल स्वाक्षरीसह अधिकृत मार्गानेच लाखो संगणकांवर पोहोचली होती. म्हणूनच प्रशासकाचे अधिकार मागणारी साधने मोजकीच ठेवावीत आणि काम झाले की काढून टाकावीत.

कोणताही बदल करण्याआधी रिस्टोअर पॉइंट (बिघडल्यास विंडोजला आधीच्या स्थितीत परत नेणारी नोंद) तयार करावा. एका वेळी एकच बदल करून संगणक पुन्हा सुरू करावा आणि टास्क मॅनेजरमधले तेच आकडे पुन्हा पाहावेत. आकडे ठीक असूनही जड कामात थोड्या वेळाने वेग घसरत असेल, तर एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये प्रोसेसरचे तापमान पाहावे. ते फार वाढले की प्रोसेसर बचावासाठी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेव्हा पंख्यातली धूळ काढावी लागते.