तान्ह्या पोळ्याचा नंदी: जडत्व आणि घर्षण दोरीने कसं शिकवायचं

पोळा जवळ आला की नागपुरातली पोरं लाकडी नंदी खाली काढतात. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला तो सजवून घरोघर न्यायचा आणि बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे पैसे-खाऊ, घ्यायचा. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. माझ्या मते गतीचे नियम शिकवायला या चाकांच्या बैलाइतकं चांगलं साधन आपल्या घरात दुसरं नाही. आईबाबांनी सणाच्या आदल्या संध्याकाळी तासभर काढला तरी पुरे.

साहित्य: नंदी, दोरी, बॅग तोलायचा हुकाचा काटा, सुतळी, किलोभर डाळीची पिशवी, खोडरबर.

आधी चारही चाकं सुतळीने करकचून बांधा, म्हणजे ती फिरणार नाहीत. दोरीत काटा अडकवून फरशीवर हळूहळू ओढा. आकडा वाढत जाईल, नंदी मात्र जागचा हलणार नाही. मग एकदम सुटेल आणि आकडा खाली येईल. हे पोराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या, दोनतीनदा करू द्या. थांबलेल्या वस्तूला हलवायला जास्त जोर लागतो, सरकू लागली की कमी, हे त्या खाली आलेल्या आकड्यातून जितकं कळतं तितकं फळ्यावर कळत नाही. आता पाठीवर डाळ ठेवा. नंदी दोन किलोचा असेल तर आकडा साधारण दीडपट होईल. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, हा नियम फ्रान्सच्या आमोंतोंनी १६९९ मध्ये मांडला होता.

सुतळी सोडा, पुन्हा ओढा. आकडा इतका कमी होईल की पोरगं काटा बिघडला म्हणेल.

इथे थांबून नीट समजवा, कारण खरी गंमत चाकातच आहे. चाक घर्षण संपवत नाही, त्याची जागा बदलतं. घासणं जमिनीवरून आसावर, म्हणजे चाक ज्या दांड्यावर बसवलेलं असतं त्यावर, येतं. चाकाची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि आसाची अर्धा सेंटिमीटर असेल, तर आसावरच्या घर्षणावर मात करायला दोरीला त्याच्या फक्त दहावा भाग ओढ लागते. म्हणून चाक मोठं आणि आस बारीक असलेला नंदी हलका चालतो. खऱ्या बैलगाडीचं चाक एवढं मोठं असण्यामागे हेही एक कारण आहे.

पण चाक फिरतं तेसुद्धा घर्षणामुळेच. जमीन चाकाला खालून धरून ठेवते, म्हणून ते वळतं. नव्या वॉर्निशची गुळगुळीत चाकं ओल्या फरशीवर नुसती घसरतात. त्यामुळे लक्षात ठेवा: गुळगुळीत करायचा तो आस, खरखरीत ठेवायचा तो चाकाचा काठ. लाकडी आसाला मेणबत्ती घासा, लोखंडी सळई असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. काठाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवा. पोळा पावसाळ्यातच येतो, गल्ल्या ओल्या असतात, ही पट्टी फार कामाला येते.

आता जडत्व, म्हणजे वस्तूची आहे त्याच स्थितीत राहण्याची प्रवृत्ती. नंदीच्या पाठीवर खोडरबर ठेवा. हळू ओढलं तर ते सोबत येईल, हिसका दिला तर मागे पडेल. खरं तर ते मागे जात नाही, होतं तिथेच राहू पाहतं आणि नंदी खालून निघून जातो. हळू ओढताना पाठीचं घर्षण त्याला सोबत नेतं, हिसक्याला ते पुरत नाही.

पोरं इथे हमखास म्हणतात, ‘मॅडम, जड वस्तू ठेवली तर पडणार नाही.’ ठेवून बघू द्या. तळ तसाच असेल तर जड वस्तूही तेवढ्याच हिसक्याला घसरते. वजनाने घर्षण वाढलं, पण जडत्वही तेवढंच वाढलं. हा प्रश्न वर्गात विचारला जातो तो दिवस मला फार आवडतो. उपाय वजनात नाही, पृष्ठभागात आहे: साटीनच्या चकचकीत झुलेऐवजी जाड सुती कापडाची झूल घाला.

थांबवण्याचा प्रयोग सोपा आहे. नंदीला एक ढकल द्या आणि सोडा: आधी फरशीवर, मग सतरंजीवर. ढकल सारखीच, अंतर वेगळं. चालत राहायला नंदीला जोर लागत नाही, त्याला थांबवायला लागतो, आणि ते काम घर्षण करतं. न्यूटनने १६८७ मध्ये पहिल्या नियमात मांडलं ते हेच. गल्लीतल्या उतारावर नंदी पोराच्या टाचेवर येऊन आदळतो, कारण दोरीने ओढता येतं, मागे रेटता येत नाही. उतार आला की दुसऱ्या पोराने मागून शेपटीशी बांधलेली दोरी धरावी.

उंबरठ्याला चाक अडतं तेव्हा खालचा भाग थांबतो, वरचा पुढे जात राहतो आणि नंदी तोंडावर पडून शिंग मोडतं. पुढची दोरी मानेला बांधू नका, चाकांच्या पाटाला पुढून खिळ्यात बांधा. माळा-घुंगरं शिंगांवर कमी, पाटाजवळ जास्त. वळणावरही तेच: वरचं ओझं सरळच जाऊ पाहतं, म्हणून कोपऱ्यावर दोरी सैल करून सावकाश वळवायचं आणि वाटेतला प्रत्येक उंबरठा हाताने उचलून पार करायचा.